मोतीबिंदू कांद्याच्या रसाने वितळत नाही

माझ्या मावशीला मोतीबिंदूचं निदान झालं आणि लगेच तिच्या फोनवर तो मेसेज येऊन थडकला. कांदा, आलं, लिंबू यांचा रस मधात मिसळून रोज डोळ्यात दोन थेंब टाका, मोतीबिंदू वितळून पाण्यावाटे बाहेर पडतो. जळजळ झाली तर घाबरू नका, घाण निघतेय. ऑपरेशन म्हणजे निव्वळ धंदा. करायचंच तर पूर्ण पिकल्यावर करा, आणि तरीही तो परत येतोच. मावशीने रसाची बाटली भरूनही ठेवली होती, म्हणून हे लिहावं लागतंय.

बाहेर पडतो म्हणजे कुठून? मोतीबिंदू हा डोळ्यावर साचलेला मळ नाही. बाहुलीच्या मागे आपलं नैसर्गिक भिंग असतं. वयोमानाने त्यातल्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि ते गढूळ होतं. हे भिंग एका बंद पातळ पिशवीत असतं, तिथून डोळ्याबाहेर यायला वाटच नाही. रस टाकल्यावर घळाघळा वाहतं ते पाणी वरच्या पापणीआडच्या अश्रुग्रंथीतून येतं. भिंगाशी त्याचा काही संबंध नाही.

आणि ती जळजळ! डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाला इजा होत असते, तिला हे लोक औषधाचा गुण म्हणतात. अशा सोललेल्या पटलावर निर्जंतुक न केलेला रस पडला की जंतूंना आयती जागा मिळते. व्रण होतो, तो भरला तरी फूल, म्हणजे पटलावर पांढरा डाग, पडू शकतं. मोतीबिंदू काढून नजर परत आणता येते. फूल दाट असेल तर पटलच बदलायची वेळ येते. बऱ्या होणाऱ्या दुखण्यासाठी डोळा पणाला लावायला सांगणारा हा मेसेज आहे, म्हणून माझा एवढा संताप.

घरगुती रसाचं सोडा, एन-ॲसिटिल-कार्नोसिनचे थेंब याच आशेवर विकले जातात. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2017 मध्ये त्यांचा आढावा घेतला: मोतीबिंदू मागे जातो किंवा वाढायचा थांबतो, याला पटण्याजोगा पुरावा नाही.

‘पिकू द्या’ हा सल्ला जुना आहे. आता फेको नावाच्या ऑपरेशनमध्ये दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून, ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. बिंदू जितका कडक, तितकं काम अवघड. फार पिकलेल्या भिंगामुळे डोळ्यातला दाब वाढून डोळ्याची नसही कायमची जाऊ शकते. डोळा लाल होऊन भयंकर दुखायला लागला, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

परत येतो? नाही. पण एवढं मान्य करावं लागेल की काहींना पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसतं. भिंगामागची पिशवी गढूळ झालेली असते; याग लेसरने काही मिनिटांत तिला खिडकी पाडतात. निदान झालं की लगेच ऑपरेशन, असंही नाही. चष्म्याचा नंबर बदलून वाचता येत असेल, पायऱ्या नीट दिसत असतील, तर थांबता येतं. फक्त अधूनमधून तपासणी हवी.

वय जास्त म्हणून ऑपरेशन झेपत नाही, हेही खरं नाही. बहुतेकदा डोळ्यापुरती भूल पुरते. प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन हे औषध चालू असेल किंवा पूर्वी घेतलं असेल, तर सर्जनला आधी सांगा. त्याने ऑपरेशनच्या वेळी बाहुली लहान होऊ लागते, आणि माहीत असेल तर सर्जन तशी तयारी ठेवतात.