लठ्ठ पोराच्या आईला सल्ला कसा द्यावा

पुढच्या गणपतीत तुम्ही कुणाकडे तरी दर्शनाला जालच. त्या घरात एखादं जाडं पोर असेल आणि त्याचं वजन कमी करायचं ऑपरेशन ठरल्याचं तुमच्या कानावर आलं असेल, तर संधी सोडू नका. यंदा आमच्या कुडाळच्या घरी जे येऊन गेले, त्यांच्याकडून शिकलेलं पुढे देतेय.

आधी देवाला हात जोडा, मग लगेच आईकडे वळा. "गो बाय, झिलाचा पोट कापूक व्हरतंस म्हणे?" आवाज असा लावा की पडवीतले पत्ते थांबले पाहिजेत.

मग पोराच्या पानात मोदक वाढा. नको म्हणाला तर "एकाने काय होतंय" म्हणत दुसरा, वर तुपाची धार. तो खाऊ लागला की म्हणा, "जरा तोंडावर ताबा ठेव रे." हा क्रम चुकवू नका.

उपाशीपोटी कोकमाचं आगळ सुचवा. (आगळाने माणूस बारीक होत असता तर आमच्या मामंजींचा लेंगा नाडीवर टिकला नसता.)

"मशीनने चरबी ओढून काढतात ना?" असं विचारा, पण उत्तर ऐकू नका. जठराचा पाऊणएक भाग काढून टाकतात, उरते केळ्याएवढी नळी. भूक लावणारं संप्रेरक त्याने कमी होतं, आणि पुढे जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्या लागतात. एवढं ऐकलंत तर 'शॉर्टकट' हा शब्द कुठे वापरणार?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मान. पोराच्या मानेमागे काळा, मखमलीसारखा जाड पट्टा दिसेल. त्यावर बोट फिरवून चार माणसांत विचारा, "आंघोळ करतोस ना रे?" आमच्याकडे एका बाईंनी अगदी हेच केलं, आणि मग ते बोट पदराला पुसलं. तो मळ नसतो हो. रक्तात इन्सुलिन वाढलं की तिथली कातडी अशी काळी, जाड होते, घासून जात नाही. मला कसं माहीत? वर्षभर घासली मी. बेसन, लिंबू, शेवटी नारळाचा काथ्या. रक्त आलं तेव्हा हात थांबला. मग डॉक्टरांकडे नेला. सोळा वर्षांचं पोर, वजन १२१ किलो, उंची पाच फूट पाच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४४, आणि साखर. रात्री घोरता घोरता त्याचा श्वास बंद पडतो. मी उशाशी बसून आकडे मोजते, पुढचा श्वास येईपर्यंत. तुम्ही मोजलेत कधी? डाएट केलं, अकरा किलो उतरले, चौदा चढले. आणि तुम्ही सांगता, रोज तळ्यापर्यंत चालू दे!

मानेला हात लावायची हिंमत कशी झाली तुमची? त्या रात्री तो शर्टाची कॉलर वर करून झोपला.

'अमेरिकेतली थेरं' म्हणालात ना? हो, तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की तेरा वर्षं आणि त्यापुढच्या अतिलठ्ठ मुलांसाठी या ऑपरेशनचाही विचार व्हावा. तिथेच किशोरवयात ऑपरेशन झालेल्यांना दहा वर्षांनी तपासलं, तर वजन सरासरी पाचव्या हिश्शाने कमी राहिलेलं आणि मधुमेह असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचा तो गेलेला. लोह कमी पडतं, हाडं जपावी लागतात, तेही डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. चार वेळा मुंबईला गेलो त्यासाठी, त्या हायवेवरून. सही करताना यांचा हात थरथरत होता. तेव्हा तुमच्यातलं कुणी फोनसुद्धा केला नाही.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे तो पातळच घेणार, पेजेची निवळ वगैरे. तेव्हा भेटायला आलात तर खोबऱ्याच्या वड्या आणू नका. आणि बाहेरच्या खोलीत बसा, त्याच्या खोलीत डोकावायचं नाही.