एक जून वगळून

माझा वाढदिवस १ जूनला असतो आणि तो खरा आहे. या वाक्याचं शेपूट मी चोपन्न वर्षं ओढतोय. ज्याचा वाढदिवस १९ ऑगस्टला असतो, त्याला 'आणि तो खरा आहे' असं कधी म्हणावं लागत नाही. त्यानं तारीख सांगितली की लोक 'अरे वा' म्हणतात. मी सांगितली की समोरचा डोळे बारीक करून हसतो आणि विचारतो, "ते कागदावरचं झालं हो. खरा कधी?"

हे आत्ता उकरून काढायचं कारण म्हणजे गेल्या रविवारी मुळशीत मला भरावे लागलेले चौदाशे रुपये. चौदाशे रुपयांचं काही नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे, असं मी घरी सांगितलंय. चौदाशे रुपयांचंच आहे.

आमच्या सात जणांच्या टोळक्यातले पाच जण उन्हाळ्यात जन्मलेत. त्यामुळे पाडवा झाला की आमच्याकडे केक कापायला जी सुरुवात होते ती थेट पावसाळ्यापर्यंत. यंदा पहिला वाढदिवस कोथरूडात एसीमध्ये झाला. दुसरा एका गच्चीवरच्या हॉटेलात, रात्री साडेआठला, जिथल्या लोखंडी खुर्च्या तोवर दुपारचं ऊन जिरवत होत्या. आमचा बँकवाला बसला आणि ज्या वेगानं उठला तो वेग त्यानं कॉलेजातही कधी दाखवला नव्हता. तिसऱ्याला 'सरप्राइज' होतं, ते त्याच्या बायकोनं चुकून त्यालाच फॉरवर्ड केलं. चौथ्याच्या वेळी मुलांनी फोटोंचा व्हिडिओ केला होता, बावीस मिनिटांचा. दर वेळी कॉन्ट्री. मी एकही चुकवली नाही, हे नोंदवून ठेवतो.

आणि दर वर्षी माझा नंबर शेवटचा. तोवर सगळ्यांच्या खिशातली नाणी उतरलेली आणि रक्तातली साखर चढलेली असते. केक म्हटलं की दोघं पोटावर हात ठेवतात. लहानपणीही हेच. १ जूनला शाळा बंद, त्यामुळे वर्गात गोळ्या वाटणं नाही. वाड्यातली पोरं मामाच्या गावाला गेलेली. भेट म्हणून काय, तर बाबा अप्पा बळवंत चौकात घेऊन जायचे आणि नव्या इयत्तेची पुस्तकं, वह्या, तपकिरी कव्हरं आणि नावाच्या चिठ्ठ्या घेऊन द्यायचे. "वाढदिवसाची भेट हं." तीच पुस्तकं धाकट्या बहिणीलाही मिळायची, तिचा वाढदिवस डिसेंबरात असून. एका वर्षी रेनकोट मिळाला होता. तोही वाढत्या अंगाचा.

तर यंदा बँकवाल्यानं टूम काढली, की याचा वाढदिवस आपण निसर्गाच्या सान्निध्यात करू. पौडच्या पुढे एक कृषी पर्यटन केंद्र आहे, माणशी चौदाशे, चहा-नाश्ता, जेवण, बैलगाडी, शेततळ्यात डुंबणे, आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याला सगळं मोफत, वर फेटा आणि औक्षण. निसर्गाचं सान्निध्य कुठून आलं ते मला 'मोफत' ऐकल्यावर कळलं. माझ्या वाटची कॉन्ट्री वाचत होती. पण म्हटलं, फेटा आहे, औक्षण आहे, आणि १ जून रविवारी आलाय. जाऊ.

प्रवासाबद्दल फार सांगत नाही. चांदणी चौकातल्या पुलांवर आम्ही एकदा चुकून साताऱ्याच्या दिशेला लागलो, मग भूगावात इतका वेळ उभे होतो की शेजारच्या गाडीतल्या कुटुंबाशी ओळख झाली. पुण्यातला प्रत्येक माणूस शांततेसाठी त्याच दिवशी त्याच रस्त्यानं निघतो. पिरंगुटपर्यंत दोन्ही बाजूंना प्लॉटच्या जाहिराती, 'सह्याद्रीच्या कुशीत तुमचं घर'. कुशीत आता जागा किती उरलीय, ते मात्र कुठल्याच फलकावर नव्हतं.

केंद्राच्या दारात पत्र्याच्या शेडखाली एक टेबल होतं. टेबलामागे डोक्यावर टोपी, कानावर पेन आणि नाकाच्या टोकावर चष्मा असलेले एक गृहस्थ. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणालो. त्यांच्या मागे फलक : 'वाढदिवस असणाऱ्यास मोफत. आधार कार्ड दाखवणे.' आणि त्याच्या खाली, बॉलपेननं, पुन्हा पुन्हा गिरवून ठळक केलेलं : '१ जून वगळून.'

मी आधार कार्ड पुढे केलं. अण्णांनी ते चष्म्याच्या वरून पाहिलं, चष्म्यातून पाहिलं, आणि माझ्याकडे पाहून आजारी माणसाकडे बघतात तसं हसले.

"साहेब, ही गुरुजींची तारीख."

"नाही हो. माझी खरीच १ जून आहे."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे कोण?"

"गेल्या साली आजच्याच दिवशी बस आली होती. निवृत्त मंडळी. बेचाळीस माणसं. एकतीस जणांचा वाढदिवस. एकतीस फेटे कुठून आणायचे? आमच्या सूनबाईनं औक्षण करता करता शेवटी तबक खाली ठेवलं आणि आत जाऊन झोपली."

यात खोटं काही वाटेना. आमच्या मागच्या पिढीत खेड्यापाड्यांत ज्यांची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नव्हती, त्यांना शाळेत घालताना गुरुजी विचारायचे, कधी झाला? आई सांगायची, मोठ्या पुराच्या आधी, लाल गाय व्यायली त्या वर्षी. एवढं रजिस्टरात मावत नसे. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. बोटं कानाला लागली की सहा वर्षं पूर्ण, आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्यानं जन्म १ जूनचा. त्यामुळे महाराष्ट्रात एक अख्खी पिढी एकाच दिवशी जन्मली. त्यात आणखी सरकारी नियम असा, की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दर ३१ मे ला कचेऱ्यांमध्ये शाल-नारळांचा बाजार भरतो आणि दुसऱ्या दिवशी खुर्च्या रिकाम्या. या लोकांना वाढदिवसाची भेट म्हणून काय मिळतं, तर आयुष्यातली पहिली बेकारी.

मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. पण माझा जन्म पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका प्रसूतिगृहात, १९७१ साली झालाय. तिथे लाल गाय नव्हती.

"पासपोर्ट आहे माझ्याकडे," मी फोनमध्ये फोटो शोधत म्हणालो.

अण्णांनी हात वर केला. "पासपोर्ट आधारवरनं. आधार शाळेच्या दाखल्यावरनं. दाखला गुरुजींवरनं. मुळात गुरुजीच."

याला उत्तर नाही. चांगला वकील गेला त्या टेबलामागे.

"महापालिकेचा जन्मदाखला आहे."

"दाखवा."

"लॉकरमध्ये आहे. सहलीला कोण जन्मदाखला घेऊन येतं?"

"ज्याचा खरा वाढदिवस असतो तो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी वहीत माझ्या नावापुढे १४०० लिहिले.

एव्हाना माझे मित्र माझ्या मागे रांग धरून उभे होते. वाटलं, एखादा तरी म्हणेल, की हो, आम्ही याला चाळीस वर्षं ओळखतो. पोस्टातला मित्र म्हणाला, "तुझी खरीच आहे का रे? मला वाटायचं तुझीपण तसलीच." याच्या चार वाढदिवसांना मी रात्री बारा वाजता केक घेऊन जिने चढलोय.

मग मी जे केलं ते करायला नको होतं. आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आई एकोणऐंशी वर्षांची आहे, तिला रेशनचे १९६५ सालचे भाव तोंडपाठ आहेत. म्हटलं, ही साक्ष पुरेल.

"आजी, नमस्कार," अण्णा फोनकडे वाकून म्हणाले. "तुमचे चिरंजीव इथं बसलेत. नेमके कधी झाले हे?"

"का? काय केलंय त्यानं?"

"काही नाही. फेट्याचा प्रश्न आहे."

"ज्येष्ठात झाला. वटपौर्णिमेच्या आधी. त्याच्यामुळे घरात सोयर, म्हणून त्या साली माझी वडाची पूजा हुकली. सात जन्मांतला एक तिथेच कापला गेला."

"आई, तारीख सांग, तारीख!" मी ओरडलो.

"तारीख एकच म्हणतात खरं. पण कळा ३१ ला संध्याकाळपासूनच सुरू झालेल्या. तू झालास तेव्हा बारा वाजून गेले होते की नव्हते, ते तुझ्या बाबांना ठाऊक. त्यांनीच जाऊन नोंद केली. आणि बाबांचं घड्याळ तेव्हा पंधरा मिनिटं पुढे असायचं."

शेडखाली शांतता पसरली. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. अण्णांनी टोपी जरा मागे सरकवली आणि अगदी हळू म्हणाले, "म्हणजे तुमचे बाबाच गुरुजी."

खरं सांगतो, त्या क्षणी मी हसलो नाही. चोपन्न वर्षं जपलेली एक गोष्ट होती, ती पंधरा मिनिटांच्या फरकानं गेली. आणि गेली ती कुणासमोर, तर बँकवाला, पोस्टातला आणि रांगेतल्या नऊ अनोळखी माणसांसमोर, ज्यांतलं एक तेच भूगावचं कुटुंब होतं.

अण्णांना माझी दया आली असावी. म्हणाले, "एक काम करा. हात डोक्यावरून न्या आणि कान धरा. लागला तर धरू खरं."

याचा तर्क काय, हे विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. उजवा हात उचलला. माझा खांदा गेल्या दिवाळीपासून धरलाय, फिजिओथेरपी चालू आहे. हात कपाळापर्यंत गेला आणि तिथून कळ आली ती थेट दाढेत. कान वीतभर लांब राहिला.

"नाही लागत," अण्णा म्हणाले. "म्हणजे अजून शाळेत घालायचं वय नाही. पुढल्या जूनला आणा."

रांग हसली. मित्र तर इतके हसले की पोस्टातल्याला पाणी द्यावं लागलं. मीही हसलो, कारण न हसणारा माणूस जास्त वाईट दिसतो. चौदाशे भरले. जीपे केले तेव्हा फोनवर कुठल्याशा विमा कंपनीचा संदेश चमकला, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. दिवसभरात मला संशय न घेता कुणी शुभेच्छा दिल्या असतील, तर त्या एवढ्याच.

आत गेलो तर फेटा बांधलेला होताच. एका लॅब्रेडॉरला. पहिला वाढदिवस. डोक्यावर गुलाबी फेटा, कपाळावर कुंकू, समोर तबक, आणि सूनबाई भूगावच्या कुटुंबासमोर त्याला ओवाळत होती. तो निरांजन हुंगत होता.

मी उलट्या पावली टेबलाकडे गेलो. "अण्णा, त्या कुत्र्याचा वाढदिवस आजच? एक जूनला?"

"हो. लसीच्या कार्डावर लिहिलंय."

"मग तो कसा चालतो? एक जून वगळून ना?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "साहेब, कुत्र्याला कुठं शाळेत घालायचं होतं? त्याची तारीख कोण कशाला खोटी लिहील?"

बाकी दिवस चांगला गेला म्हणतात. पिठलं, भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा गरम भात. आमरस होता, पण पावसात भिजलेल्या आंब्याचा, पाणचट. यंदा पावसानंही कागदावरची तारीख पाळली नाही, २६ मे लाच पुण्यात येऊन बसला. त्याला कुणी आधार कार्ड मागितलं नाही. उन्हाळी सहल म्हणून आलो होतो आणि बैलगाडीचं चाक चिखलात रुतलं, ते उतरून आम्हीच ढकललं. चौदाशे रुपयांत गाडी ओढायलाही मिळाली. बैल बाजूला उभे राहून बघत होते. शेततळ्यात लॅब्रेडॉर होता, म्हणून मी उतरलो नाही.

जेवताना अण्णा वाढायला आले. भाकरी ताटात टाकता टाकता म्हणाले, "माझीपण एक जूनच. आई म्हणायची, तू भात कापणीत झालास. म्हणजे दिवाळीच्या आसपास. मला कधी कुणी ओवाळलं नाही, ना तेव्हा, ना आता." मग ठेचा वाढला, जरा जास्तच, आणि पुढच्या पंगतीकडे गेले. मला त्यांचा राग धरून ठेवायचा होता, ते सोपं राहिलं नाही. तरी मी थोडा धरलाय.

परतीच्या वाटेवर भूगावात पुन्हा उभे. सगळ्यांचे फोन एकदम वाजले. आमच्या ग्रुपवर संदेश : 'आज वाढदिवस असणाऱ्या सर्व १ जूनवाल्यांना सामुदायिक शुभेच्छा.' पाठवणारा बँकवाला. माझ्या शेजारच्याच सीटवर बसलेला.

रात्री साडेदहाला आईचा फोन आला.

"अरे, आठवलं. बारा वाजून गेलेच होते. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके पडलेले मी स्वतः ऐकले."

"किती पडले?" मी उठूनच बसलो.

"ठोके मोजायच्या अवस्थेत होते का मी?"