ऑनलाइन दागिने घ्या, पण कॅमेरामन सोबत ठेवा

भाच्याच्या बारशाला मी, आत्या या नात्यानं, चांदीचे वाळे ऑनलाइन मागवले. त्यातून मिळालेलं ज्ञान तुम्हाला फुकट देते आहे. मला ते अठराशे रुपयांना पडलं.

सर्वात आधी, वर्णनात वजन शोधू नका. सोनार आधी काट्यावर ठेवतो आणि मग भाव सांगतो, ती जुनी पद्धत झाली. इथं 'प्रीमियम क्वालिटी' लिहिलेलं असतं, त्यात वजन आलं.

'९२५'चा शिक्का दिसला की डोळे मिटून विश्वास ठेवा. ९२५ म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी. हे तीन आकडे ठोकायला एक पंच आणि एक हातोडी लागते. सोन्याला २०२३च्या एप्रिलपासून सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय दुकानदाराला विकता येत नाही, आणि तो सरकारी बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. चांदीला, मी वाळे घेतले तेव्हा तरी, हॉलमार्कची, म्हणजे शुद्धतेच्या अधिकृत शिक्क्याची, सक्ती नव्हती. आणि हो, दोन ग्रॅमच्या आतल्या सोन्यालाही ती नाही, तेव्हा एवढीशी नथ निर्धास्त मागवा.

'जर्मन सिल्व्हर'मध्ये तांबं, जस्त आणि निकेल असतं. चांदी फक्त नावात.

लोहचुंबक लावून बघ, असं फॅमिली ग्रुपवर एखादे काका सांगतीलच. जरूर लावा. चांदीला चुंबक चिकटत नाही. पितळेलाही चिकटत नाही. मन शांत होतं.

पार्सल आलं की लगेच उघडू नका. आधी घरातल्या कोणाला तरी मोबाइल घेऊन उभं करा. पट्टी न कापलेला खोका सहा बाजूंनी दाखवा, लेबल वाचता येईल असं धरा, मग कात्री, मग डबी, मग वाळे, आणि हे सगळं एका दमात, मध्ये कट नको. वाळे काट्यावर ठेवा. काटा नाही? मग दागिने कशाला घेता? मला हे आधी माहीत नव्हतं. मी खोका उघडून वाळे कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवले आणि बारशाची वाट पाहिली. बारसं दहा दिवसांनी, परताव्याची मुदत सात दिवसांची. वाळे घातल्यावर चौथ्या दिवशी पोराच्या घोट्याभोवती हिरवं कडं उमटलं. वहिनी काही बोलली नाही. ओल्या कापसानं पाय पुसत राहिली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

सोनाराकडे गेले. त्यानं कानस एकदाच फिरवली. आत पिवळंधमक पितळ. चॅटवर लिहिलं तर उत्तर आलं, 'आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा.' अहो, मी बारसं करत होते, पंचनामा नव्हे! पितळ विकणाऱ्याला कोणी व्हिडिओ मागितला होता का, वितळवताना, मुलामा चढवताना? पुरावा काय तो मी द्यायचा. 'आम्ही फक्त मंच आहोत, विक्रेता वेगळा आहे.' पैसे घेताना मंच आणि विक्रेता एकच होते. कमिशन कापतानाही एकच असतील.

मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही लिहा. ऑनलाइन विक्रीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्यात निवारण. पोच मला चार मिनिटांत मिळाली. निवारणाचा महिना कधीच उलटला. आता १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलं आहे.

आता उपरोध पुरे. मला खरा राग तुमचा आला आहे. हो, तुमचाच. त्या वाळ्यांखाली शेकड्यांनी पाच तारे होते. 'खूप छान', 'फोटोसारखंच आहे', 'डिलिव्हरी फास्ट'. सगळं पार्सल आलं त्याच दिवशी लिहिलेलं. पोराच्या पायात घालून आठ दिवस थांबायला काय झालं होतं? काळे पडल्यावर परत जाऊन एक ओळ का नाही लिहिली? दीडशे-दोनशे रुपयांचं कूपन मिळालं म्हणून? तुमच्या ताऱ्यांवर भरवसा ठेवून मी तान्ह्या पोराच्या पायात पितळ घातलं, आणि तुमच्या घरीही ते कोणाच्या तरी पायात आहेच की. आज जा आणि लिहा.

मी माझं लिहिलं होतं, एक तारा, हिरव्या घोट्याच्या फोटोसकट. दोन दिवसांनी 'धोरणात बसत नाही' म्हणून काढून टाकलं. काल पुन्हा लिहिलं.