वंशावळ काढताय? प्रश्न लहान करा आणि ज्याचा त्यालाच विचारा

2023 च्या सप्टेंबरात मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जिल्ह्याजिल्ह्यातल्या नोंदी स्कॅन होऊन वेबसाइटवर चढल्या आणि घरोघरी खापरपणजोबांची चौकशी सुरू झाली. चौकशी व्हावीच, जातीच्या दाखल्यासाठी नसली तरी व्हावी. पण तहसीलच्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी जाऊन “आमचं जुनं काय असेल ते द्या” म्हटलं की तिथला माणूस काय देणार? त्याच्यामागे गावनिहाय, सालनिहाय बांधलेले गठ्ठे असतात. तुमच्या आडनावाचा गठ्ठा तिथे नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की गावाकडची वंशावळ एकट्याने निघत नाही. ती सात-आठ माणसांकडे तुकड्यातुकड्यांत पडलेली असते. ज्याच्याकडे जो तुकडा आहे तेवढाच त्याला विचारायचा, आणि तोही गाव, साल, नाव सांगून. बहुतेकांची गाडी अडते ती चुकीच्या माणसाला भलामोठा प्रश्न विचारल्यामुळे.

सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या बायकांपासून करा. पुरुष मंडळी जमीन आणि भांडणं सांगतात, आत्या आणि आजी माणसं सांगतात. कोण कुठल्या गावी दिली, कुणाची पहिली बायको बाळंतपणात गेली, कोण दत्तक गेला, हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यांना “खापरपणजोबांचं नाव काय?” असं विचारू नका, “माहीत नाही बाबा” म्हणून विषय संपतो. “सुतक कुणाकुणाच्या घरचं धरतो आपण?” असं विचारा. ज्यांचं पूर्ण दहा दिवसांचं सुतक धरलं जातं ती घरं एका पुरुषाच्या वंशातली, मग त्यांच्याशी बोलणं असो वा नसो. या एका प्रश्नात अख्खी भावकी कागदावर येते. कुलदैवत कोणतं, देवक काय, गावजत्रेत आपल्या घराचा मान कोणता, हेही लिहून घ्या. प्रत्येक नावापुढे उर्फ नाव, गाव, अंदाजे साल आणि ‘कुणी सांगितलं’ हे लिहा. शेवटचं बहुतेक जण लिहीत नाहीत. मग दोन आत्यांची दोन उत्तरं आली की कुणाचं कोणतं, हे कळत नाही.

मग जमीन. नाव बदलतं, आडनाव तर फारच बदलतं, वावर जागचं हलत नाही. आजचा सातबारा ऑनलाइन निघतो. त्यात खातेदाराच्या नावाशेजारी फेरफाराचा नंबर असतो, तो खरा धागा. तो फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याची गाव नमुना सहातली नोंद, काढायची. ज्याच्या नावावरून जमीन आली त्याचा आधीचा फेरफार शोधायचा आणि असं एकेक पायरी मागे जायचं. अलीकडचे तलाठी कार्यालयात, जुने तहसीलला. गावात जमिनीचे तुकडे जोडण्याची एकत्रीकरण योजना झाली असेल तर आजचा गट नंबर मागे चालत नाही. तिथे गटाचा जुना सर्व्हे नंबर आधी काढावा लागतो. हे न केल्यामुळे “रेकॉर्ड जुळत नाही” म्हणून परत आलेली माणसं कितीतरी आहेत. रेकॉर्ड जुळतं, नंबर बदललेला असतो.

फेरफार वाचायचा कसा, हे उदाहरणानेच सांगतो. समजा 1931 सालची नोंद अशी आहे: “खातेदार गणू बिन राघू हे 4 वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगे 1) राघू, वय 22, 2) तुका, वय 9, अ.पा.क. आई सखू कोम गणू.” ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. या दोन ओळींतून गणू साधारण 1927 ला वारला, थोरला राघू 1909 च्या आसपासचा, तुका 1922 चा, आणि नातवाला आज्याचंच नाव ठेवलंय, एवढं निघतं. आता नीट बघा. सज्ञान थोरला भाऊ घरात असताना धाकट्याची पालनकर्ती आई का? आणि दोघांत 13 वर्षांचं अंतर का? मधली मुलं वारली असतील, मुली असतील, त्या नोंदीत आल्या नसतील. पण गणूची दोन लग्नं झाली असण्याचीही शक्यता आहे, आणि ही शंका घेऊन परत आत्याकडे जायचं. ती म्हणेल, “हो, थोरली सातारा रोडकडची होती.” कागद आणि माणूस असे आळीपाळीने विचारले तरच काम पुढे सरकतं.

आज्याचं नाव नातवाला, यावर तर अर्ध्या वंशावळी फसतात. राघू-गणू-राघू-गणू अशी साखळी असली की दोन राघूंचा एक राघू होतो आणि मधल्या दोन पिढ्या गायब होतात. उपाय सोपा आहे. दर पिढीला 25 ते 30 वर्षं धरून साल ताडून बघा. एक माणूस 1880 आणि 1940 या दोन्ही सालांत कर्ता खातेदार दिसत असेल तर ती बहुधा दोन माणसं आहेत.

मुली सापडत नाहीत ही सगळ्यांची तक्रार, आणि ती खरी आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस नोंदींत मुली सहसा नसतात. नंतरच्या नोंदींत असतात, आणि हक्कसोडपत्रात तर बहिणींची सासरची नावं गावासकट मिळतात. आजी-पणजीच्या माहेरच्या भावकीचा पत्ताही अशाच कागदावरून लागतो.

जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14. इथे अपेक्षा नीट ठेवा. जन्माची वर्दी बारशाच्या आधी जायची, त्यामुळे मुलाचं नाव बहुधा नसतंच. “गणू राघू यास मुलगा” एवढंच. आडनावही नसतं. म्हणजे तुम्हाला बापाचं नाव, जात आणि पाचेक वर्षांची कक्षा माहीत असल्याशिवाय ही वही उघडून उपयोग नाही. मृत्यूच्या बाजूला कारण असतं, आणि 1918 सालच्या पानांवर ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’ असं ओळीने दिसलं की ती इन्फ्लुएंझाची साथ. एका घरातली तीन माणसं एका महिन्यात गेलेली दिसतात आणि जमीन एकदम चुलत्याच्या नावे का गेली ते उलगडतं.

अर्ज करताना गाव, तेव्हाचा तालुका, सालांची कक्षा आणि खातेदाराचं नाव लिहा. ‘तेव्हाचा’ हा शब्द महत्त्वाचा. सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीत होता, जालना 1981 पर्यंत औरंगाबादेत, लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादेत, नंदुरबार 1998 पर्यंत धुळ्यात, पालघर 2014 पर्यंत ठाण्यात. तालुकेही तुटले, जोडले गेले. नव्या ठिकाणी “रेकॉर्ड उपलब्ध नाही” असं उत्तर आलं की निराश न होता जुन्या ठिकाणी अर्ज टाकायचा. संस्थानी मुलखात, म्हणजे औंध, फलटण, भोर, जत, सावंतवाडी वगैरे, 1948-49 च्या विलीनीकरणाआधीचं दफ्तर वेगळं असतं. कोयना, उजनी, जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांसाठी भूसंपादनाचा निवाडा मागा. त्यात सहहिस्सेदार नावानिशी असतात, कारण पैसे वाटायचे होते. पैसे वाटायचे असले की सरकार वारस नीट लिहितं.

याच न्यायाने वाटपाचे दिवाणी दावे. दाव्याच्या अर्जात सुरुवातीलाच वंशवेल काढलेली असते, आणि ती विरुद्ध बाजूने तपासलेली असते. भावकीत कधी दावा झाला होता का, हे विचारायला संकोचू नका. तालुक्याच्या कोर्टाबाहेरचे म्हातारे दस्तलेखक आणि वकिलांचे कारकून यात फार कामाचे. कुठल्या घराचं कुठलं प्रकरण कुठल्या साली चाललं, हे त्यांच्या तोंडावर असतं.

जमीनच नव्हती त्यांनी काय करायचं? वतनी, म्हणजे पिढीजात गावकामाची घरं असतील तर वतन रजिस्टर बघा. 1874 च्या वतन कायद्याखाली हक्क आणि पाळ्या ठरवायच्या होत्या, म्हणून त्यात वंशावळी मिळतात. महार वतनाची कागदपत्रंही याच दृष्टीने बघावीत. कोकणात पूर्वज खोताच्या जमिनीत कूळ असेल तर मालकाच्या रकान्यात शोधत बसू नका, कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना बघा. कूळकायद्याच्या कलम 32ग च्या, म्हणजे कुळाने जमीन विकत घेण्याच्या, प्रकरणातले जबाब काढा. जमीन किती वर्षं कोण कसतंय, हे त्यात तोंडी सांगितलेलं असतं. काहीच नसेल तर ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा नमुना 8 आणि शाळेचं जनरल रजिस्टर. शाळेतली जन्मतारीख मात्र पुरावा म्हणून फार मनावर घेऊ नका. आख्ख्या वर्गाचा वाढदिवस 1 जूनला येतो तो काही योगायोग नाही, गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने टाकलेली तारीख आहे. आडनाव पहिल्यांदा कुठे चिकटलं हे मात्र त्याच रजिस्टरात दिसतं.

मराठवाड्यातल्या मंडळींचा रस्ता थोडा वेगळा. जुनं दफ्तर उर्दूत आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या काळचं महसुली वर्ष. फसलीत 590 मिळवा, म्हणजे फसली 1340 हे 1930-31. मराठीतला सोयीचा पहिला टप्पा म्हणजे 1954-55 चं खासरा पत्रक. तिथून मागे जायला उर्दू वाचणारा माणूस लागतो, आणि तालुक्याच्या गावी निवृत्त शिक्षकांत किंवा जुन्या वकिलांत तो सापडतो.

मोडीचं तसंच. वाचकाला एका ओळीचा मोबाइल फोटो पाठवून “यात आमचं नाव आहे का?” विचारणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मोडीत शब्दांत जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घ नसतं, आणि प्रत्येक कुलकर्ण्याचं वळण वेगळं. त्यामुळे पूर्ण पान पाठवा, वरचा मथळा आणि सालासकट, आणि त्याच हाताची आणखी दोन-तीन पानं जोडा. फोटो खिडकीतल्या उजेडात, फ्लॅश बंद करून, पान सपाट ठेवून काढा. वाचकाकडून आधी जसंच्या तसं लिप्यंतर घ्या, अर्थ नंतर. आणि तुम्हाला कोणतं नाव हवंय ते आधी सांगू नका. ‘राणू’ हवा असं सांगितलं की ‘रामू’चाही राणू दिसायला लागतो, चांगल्या वाचकालासुद्धा. कामाचे पैसे विचारून द्या. शके आलं तर 78 मिळवा.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा सगळ्यात सुंदर स्रोत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, काशी, प्रयाग, गया. तिथे मूळ गाव, जात आणि आडनाव या तीन गोष्टी लागतात. मुंबईचा पत्ता सांगून काही मिळणार नाही. तुमच्या गावचे उपाध्ये कोण, हे विचारतच जावं लागतं. यात्रेला आलेल्या माणसाने नोंदीत आजा, बाप, चुलते, भाऊ, मुलं सांगितलेली असतात, खाली तिथी आणि कधी सही. मर्यादा एकच, सांगणारा त्या दिवशी जे आठवलं ते सांगतो. म्हणून एकाच घराच्या दोन वेगळ्या यात्रांच्या नोंदी मागा. फोटो विचारून काढा, दक्षिणा द्या आणि स्वतःच्या घराची आजवरची नावं तिथे लिहून या. दक्षिण महाराष्ट्रात वंशावळी सांगणारे हेळवी सुगीनंतर येतात, ते आपल्या भागात केव्हा येतात हे पोलीस पाटलाला विचारून ठेवा. खानदेशाकडे भाट. त्यांच्या पोथीतल्या अलीकडच्या पाच-सहा पिढ्या बऱ्याचदा कागदाशी जुळतात. त्याच्या मागे चितोड किंवा उज्जैन सुरू झालं की मी तरी पेन खाली ठेवतो. तो भाग यजमानाला खूश करायला असतो.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. गावात जाऊन वंशावळ विचारलीत की भावकीला पहिली शंका येते ती हिश्श्याची. “इतक्या वर्षांनी आला, आता वावर मागणार.” राग धरू नका, तसं मागणारे येऊन गेलेले असतात. म्हणून एकट्याने जाऊ नका, गावातल्या कुणा वडीलधाऱ्याला बरोबर घ्या. पहिल्या भेटीत सातबाऱ्याचा विषयच काढू नका. देवळात बसा, गुरवाला कुलदैवताचं विचारा, त्याला पूजेच्या पाळ्यांवरून घरं माहीत असतात. तुम्ही तोवर केलेला तक्ता सगळ्यांसमोर उघडा ठेवा. चुकीचं नाव दिसलं की न बोलणारे काकाही “हे असं नाही” म्हणत पुढे सरकतात. मुद्दाम विचारून मिळत नाही ते असं मिळतं. तक्त्यात पक्कं ते पेनाने आणि ऐकीव ते पेन्सिलीने लिहिलेलं असावं, आणि दत्तक, दुसरं घर अशा गोष्टी चारचौघांत मोठ्याने वाचू नयेत.

दाखल्यासाठी शोधणाऱ्यांना एकच सांगणं. नाव जुळतंय एवढ्यावर दुसऱ्या घराची नोंद आपली म्हणून लावू नका. त्याच गावात त्याच नावाचे दोन गणू असतातच. दुवा जोडणारा कागद हवा, वारस फेरफार, वाटपपत्र, दत्तकपत्र, काहीही. आणि मूळ नोंदीवर पेन चालवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथून उठा. वेगळ्या शाईचं एक अक्षर जात पडताळणीत दिसलं की अख्ख्या भावकीचे अर्ज अडकतात.

काम एका टप्प्यावर आलं की तक्त्याच्या झेरॉक्स काढून ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांना द्या, आत्याला मोठ्या अक्षरातली. खाली तारीख आणि तुमचा फोन नंबर लिहा. कुणाला काही आठवलं तर कळवता आलं पाहिजे, आणि ते हटकून पुढच्या लग्नसराईत आठवतं.