भीतीची निगा कशी राखाल?

बाथरूमच्या खिडकीत पाल दिसली, की तुम्ही अंगावरचा साबण तसाच ठेवून टॉवेल गुंडाळून बाहेर येता. शाब्बास! हीच सवय जपा. बाहेर आल्या आल्या धडधड थांबते आणि मेंदू पक्कं धरून बसतो : पळालो म्हणून वाचलो. दोन मिनिटं थांबला असतात, तर पाल आपल्या वाटेनं गेलेली दिसली असती आणि मेंदूतल्या अमिग्डालालाही, म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर बसलेल्या त्या बदामाएवढ्या पहारेकऱ्यालाही, ते कळलं असतं. तेवढं कळू द्यायचं नाही.

घरच्यांनाही कामाला लावा. कुणीतरी आधी आत जाऊन, केरसुणी आपटून ‘नाहीये, ये आता’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. कोपऱ्यात अंड्याची टरफलं, ट्यूबलाइटमागे मोरपीस, सगळं हवं. त्यानं पालीचं काय होतं ते पाल जाणे. तुमच्या भीतीला मात्र खुराक मिळतो. आणि ‘घाबरट’ म्हणून हसणारे नातेवाईक असतील तर सोन्याहून पिवळं. त्या लाजेपायी तुम्ही डॉक्टरांकडे कधीच जाणार नाही.

पुढच्या पिढीची सोयही आत्ताच करा. 1920 साली अमेरिकेत वॉटसन आणि रेनर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी अकरा महिन्यांच्या अल्बर्टपुढे पांढरा उंदीर ठेवला आणि त्यानं हात लावला, की पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा हाणला. थोड्याच दिवसांत पोर नुसत्या उंदरालाच नव्हे, सशालाही घाबरू लागलं. ती भीती काढून टाकायच्या भानगडीत मात्र हे विद्वान पडले नाहीत. तुम्हाला हातोडाही नको, पोराच्या कानाशी मारलेली एक किंकाळी पुरे.

मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंसारख्या लोकांपासून मात्र सांभाळून. 1924 मध्ये या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटरला आवडीचं खायला देत ससा रोज थोडा थोडा जवळ आणला. शेवटी कार्टं सशाशी खेळायला लागलं! 2012 मध्ये तर अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं कहरच केला. आठ पायांच्या कोळ्याचा फोटो पाहूनही हादरणाऱ्या 12 जणांना एकाच बैठकीत, पायरी पायरीनं, जिवंत टॅरँट्युलाला, म्हणजे भल्याथोरल्या केसाळ कोळ्याला, हात लावायला शिकवलं. आधी आणि नंतर मेंदूचे स्कॅनही काढले. घंटा बडवणारा अमिग्डाला मवाळ झालेला, आणि सहा महिन्यांनंतरही तसाच! वर्षानुवर्षं पोसलेली भीती दोन-तीन तासांत गमावणारी ही माणसं. त्यांना काही वाटलं असेल की नाही, कोण जाणे.

तुमच्यावरही असा प्रसंग आलाच, तर खचू नका. उपचारानं जुनी भीती खोडली जात नाही. ‘पालीपासून काही होत नाही’ हा नवा धडा तिच्यावर चढतो आणि कपाळामागचा मेंदू अमिग्डालाला दटावत राहतो. हा धडा जिथे शिकलात त्या खोलीला चिकटून बसतो. जागा बदलली, की जुनी भीती पुन्हा उसळू शकते. थेरपिस्ट सांगतील, ‘वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या पालींसमोर सराव करा.’ मान डोलवा, पुढची अपॉइंटमेंट मुलांच्या परीक्षेवर ढकला, आणि मे महिन्यात सरळ कोकणातल्या कौलारू घरी मुक्कामाला जा.