निघंना झालाय

आमच्या घरची मारुती ८०० ही १९९७ सालची आहे. हे मॉडेल डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आले आणि जानेवारी २०१४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. म्हणजे आमची गाडी त्या खानदानातले अगदी मधले भावंड असून मधल्या भावंडाचा सगळा हट्टीपणा तिच्यात उतरलेला आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या पुढच्या डाव्या चाकातून खड्ड्यागणिक ‘टक्क’ असा आवाज येऊ लागला. मिस्त्रींनी चाक दोन्ही हातांनी धरून हलवले आणि टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा रॉड चाकाला जोडणारा जोड, संपल्याचे निदान केले. सुटा भाग स्वस्त होता, मे महिन्याची सुटी होती, आणि आपले काम आपण करावे असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. या तीन कारणांनी माझा घात केला.

परभणीत मे महिन्यात सकाळी नऊनंतर लोखंडाला हात लावायचा तो कपडा गुंडाळूनच, म्हणून मी सहालाच लिंबाखाली गाडी घेतली, जॅकवर उचलली, खाली लोखंडी स्टँड लावले आणि बारा इंची चाक काढून बाजूला ठेवले. इथवर मी स्वतःवर खूश होतो. आमच्या शेतावरची काळी चिकण माती एकदा गाडीच्या पोटाला बसली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत सोबत करते आणि ओल धरून आतले लोखंड खात राहते. त्यामुळे नटातून आरपार गेलेली स्प्लिट पिन चिमट्याने ओढताच तिचे डोके तेवढे हातात आले आणि धड आतच राहिले. ते तुकडे खिळ्याने ठोकून काढण्यात पाऊण तास गेला.

मग नट. त्यावर डिझेल सोडले, तासभर वाट पाहिली, पुन्हा सोडले. वरून वाकून खालचा नट फिरवताना डावे-उजवे उलटे होते हे मला ठाऊक होते, पण ते आठवेपर्यंत मी तो आणखी घट्ट करून ठेवला होता. शेवटी पान्याच्या दांड्यात जुन्या हातपंपाच्या पाईपचा तुकडा अडकवून जोर लावला. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असे आम्ही अभिमानाने म्हणतो. माझ्या पान्यावर ‘मेड इन जर्मनी’ असे कोरलेले होते आणि नट परभणीत मुरलेला होता. पाना सटकला, माझ्या बोटांची सालटी निघाली आणि म्हणीतला क्रम एकदाचा वादातीत ठरला.

“काय करायलात, सर?” शेजारचे निवृत्त गुरुजी फाटकाशी येऊन उभे राहिले.

“नट निघंना झालाय, गुरुजी.”

त्यांनी रॉकेल सुचवले, दूधवाल्याने लिंबू सुचवले, आणि समोरच्या बारावीतल्या मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, ज्यात हेच काम एका गोऱ्या गृहस्थाने चार मिनिटांत आणि स्वच्छ शर्टात केले होते.

अकराच्या सुमारास नट निघाला. आता जोड आपोआप खाली पडेल अशा समजुतीने मी हात पुढे धरून बसलो. जोड जागचा हलला नाही. त्याचा दांडा शंकूसारखा निमुळता असतो आणि नट आवळला की तो चाकाकडच्या स्टिअरिंग आर्मच्या भोकात रुतून बसतो. नट काढला तरी ती मिठी सुटत नाही. हे मला नंतर कळले. त्या वेळी मी दांड्याच्या टोकावर सरळ घाव घालत राहिलो, आणि टोक भूछत्रासारखे पसरले तेव्हा थांबलो.

तेवढ्यात आमचे अण्णा आले. माझे हे काका एसटीच्या चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी आधी खुर्ची मागितली, मग चहा मागितला, तो बशीत ओतून शांतपणे प्यायले आणि मग दोन हातोडे मागितले.

“दांड्याला काहून मारायलास? त्याचा काय गुन्हा?” असे म्हणून त्यांनी जड हातोडा भोकाच्या कडेला एका बाजूने टेकवून मला धरायला लावला आणि दुसऱ्या बाजूने हलक्या हातोड्याने कडेवरच दोन घाव घातले. घावासरशी भोक क्षणभर किंचित लंबगोल होते आणि निमुळत्या दांड्याची पकड सुटते, इतकेच त्यातले शास्त्र. पहिला आवाज ‘ठण्ण’ असा भरीव आला, दुसरा पोकळ आला, आणि पाच तास माझ्याशी झुंजलेला जोड लोंबकळू लागला. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. त्या कोणासाठी हे मी विचारले नाही.

जुना एंड रॉडवरून फिरवून काढताना किती आटे सुटले ते मोजायचे आणि नवा तितकेच आटे चढवायचा, असे बजावून अण्णा जेवायला आत गेले. मी मोजत होतो. तेरापर्यंत मला नक्की आठवते. नेमका त्याच वेळी कोथिंबीरवाला दारात आला आणि “दहाला दोन जुड्या” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जिंतूर रस्त्यावर गाडी काढली. आवाज पूर्ण गेला होता. गाडी सरळ जिंतूरकडे धावत होती, स्टिअरिंग मात्र पाथरीकडे वळलेले होते. तशीच ती अलाइनमेंटवाल्याकडे नेली. त्याने चाकांकडे पाहिले, स्टिअरिंगकडे पाहिले आणि हे कोणी बसवले, असे विचारले.

“आमच्या काकांनी,” मी म्हणालो.

मागच्या सीटवरून अण्णांचा खोकला ऐकू आला.