निवड फसवी असते का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कथाप्रधान गेममधील नैतिक निवडींवरच्या माझ्या लेखावर आपण कोथरूडहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा : 'द वॉकिंग डेड' (२०१२) या गेमच्या पहिल्या भागात डग आणि कार्ली या दोन पात्रांपैकी एकालाच वाचवता येते, पण जो कोणी वाचतो तोही तिसऱ्या भागात गोळी लागून मरतोच, मग ही निव्वळ धूळफेक नव्हे काय? शिवाय खेळ जिथवर आला तिथे सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडून निर्णय फिरवता येत असेल, तर परिणामांच्या गप्पा कशाला, असेही आपण विचारता.

डग-कार्लीची वस्तुस्थिती आपण बिनचूक सांगितली आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. निर्णय घेताना आपल्याला काय ठाऊक होते आणि कशाची किंमत मोजून आपण काय राखले, यावर मी निवडीचे वजन ठरवतो. शेवट बदलला की नाही, हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे.

'पेपर्स, प्लीज' (२०१३) या गेममध्ये आपण आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर कागदपत्रे तपासत बसतो. एक गृहस्थ रीतसर कागद दाखवून आत जातात आणि मागून पत्नी येते आहे, तिला सांभाळून घ्या, अशी विनवणी करतात. पत्नीकडे प्रवेशपरवाना नसतो. तरीही तिला आत सोडले की चूक नोंदवणारी चिठ्ठी लगेच छापून पुढ्यात येते. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना केवळ ताकीद मिळते, तिसरीपासून पैसे कापले जातात, आणि त्याच कमाईतून घरभाडे, जेवण आणि घर उबदार ठेवण्याचा खर्च भागवायचा असतो. त्यामुळे त्या बाईंची दया येते न येते तोच, आज आपल्या हातून आणखी किती चुका खपतील, याचा हिशेब मनात सुरू होतो. त्या एका शिक्क्याने कथेचा शेवट बदलत नाही. तरीही कर्वे रस्त्यावरच्या आमच्या मित्रमंडळींत यावरून लागलेला वाद चहाची दुसरी फेरी संपली तरी मिटला नव्हता. (नियम म्हणजे नियम म्हणणारे, पुण्याच्या लौकिकाला जागून, बहुसंख्य होते.)

धूळफेक शोधायचीच असेल, तर ती 'मास इफेक्ट २'च्या (२०१०) गुणपद्धतीत शोधावी. तेथे सौजन्याचे आणि दांडगाईचे गुण वेगवेगळे साठतात आणि काही मोक्याचे संवाद त्या साठ्यावरच खुले होतात. मिरॅन्डा आणि जॅक या आपल्याच पथकातील सहकाऱ्यांचे भांडण दोघींपैकी कोणालाही न दुखावता मिटवायचे, तर गाठीशी पुरेसे गुण लागतात. साहजिकच खेळाडू समोरच्या प्रसंगाचा विचार सोडून देतो आणि डोळे झाकून एकाच बाजूचे, सौजन्याचे किंवा दांडगाईचे, उत्तर निवडत राहतो. परिणाम येथे भरपूर आहेत, सेव्ह फाइल तिसऱ्या भागातही नेता येते. पण निवडताना मन कोठेच अडखळत नाही. आपल्या निकषाने ही निवड खरी ठरेल, माझ्या निकषाने पोकळ.

राहता राहिला फाइल पुन्हा उघडण्याचा मुद्दा. 'अंडरटेल'मध्ये (२०१५) आपला सांभाळ करू पाहणाऱ्या टोरिएलला मारून, मग हळहळून, मागे जाऊन तिला वाचवले, तरी फ्लावी हे फूल आपली पहिली करणी विसरत नाही आणि तसे तोंडावर ऐकवते. 'द विचर ३'ने (२०१५) वेगळा मार्ग काढला : परिणाम लांबणीवर टाकला. टेकडीत कोंडलेल्या आत्म्याला मोकळे केले, तर अनाथ मुले वाचतात, पण पुढे बॅरन या स्थानिक सरदाराची पत्नी अ‍ॅना प्राणास मुकते आणि बॅरन गळफास घेतो. आत्म्याला मारले, तर मुले जातात आणि अ‍ॅना, भ्रमिष्ट का होईना, जगते. हे सारे उलगडेपर्यंत खेळ इतका पुढे गेलेला असतो की मागे फिरायचे, तर मधले सगळे पुन्हा खेळावे लागते, आणि दोन्ही वाटा पाहूनही कोणती बरी, हे ठरत नाही. मी मुलांना वाचवले होते आणि आजही तेच करीन. आपण काय केले होते, ते प्रतिक्रियेत आलेले नाही. जमल्यास कारणांसह कळवावे.